आजोळचे गाव का ओसरले?

भाऊबीजेसाठी माहेरी निघालेल्या लेकीची मोटार समृद्धी महामार्ग सोडून कारंजा लाडच्या रस्त्याला लागते, तेव्हा मागच्या आसनावर झोपलेली मुले जागी होतात. 'आलं का मामाचं गाव?' या त्यांच्या प्रश्नाला आईजवळ चटकन उत्तर नसते. तिच्या लहानपणी गाव कोठे सुरू होते हे कोणाला विचारावे लागत नसे. जिनिंग कारखान्यांची पत्र्याची उंच छपरे दिसू लागली, हवेत रुईचे तंतू तरंगताना दिसले आणि सरकीच्या ढेपेचा वास आला की कारंजा आले असे खुशाल समजावे. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटविक्रीचे फलक, मंगल कार्यालये, ट्रॅक्टरची विक्रीकेंद्रे आणि ढाबे यांची रांग लागते. गाव अमुक ठिकाणी सुरू झाले असे बोट दाखवून सांगता येत नाही.

समजा, हे कुटुंब पुण्याचे आहे. आजोबांनी ऐंशी ओलांडलेली. उमेदीची वर्षे त्यांनी एका जिनिंग कारखान्यात दिवाणजी म्हणून घालवली आणि जोडीला बारा एकरांचे वावर सांभाळले. एक मुलगा नागपूरला, एक मुंबईला, मुलगी पुण्याला. घरी आजोबा आणि आजी असे दोघेच. अशी घरे वऱ्हाडातल्या कापसाच्या प्रत्येक पेठेत सापडतील. दारव्हा, दर्यापूर, मूर्तिजापूर, वर्धा जिल्ह्यातील आर्वी यांपैकी कोणतेही नाव घेतले तरी तपशिलाच्या थोड्याफार फरकाने हीच हकीकत सांगता येईल. कारंजा येथे घेतले आहे ते त्याच्या बाजाराला मोठा इतिहास आहे म्हणून.

फराळाची ताटे समोर येताच दरवर्षीचा वाद सुरू होतो. 'गाव मेलं बापा,' असे आजोबा म्हणतात. जावईबापूंना ते पटत नाही. चार बँकांच्या शाखा, शिकवणी वर्गांच्या पाट्या, मोबाइलची दुकाने, संध्याकाळी मुख्य रस्त्यावर होणारी वाहनांची कोंडी हे सारे त्यांनी येताना डोळ्यांनी पाहिलेले असते. मेलेल्या गावात वाहतुकीची कोंडी कशी होईल? जनगणनेचे आकडेही त्यांच्याच बाजूने आहेत. कारंज्याची लोकसंख्या घटलेली नाही, उलट दर दशकाला थोडीथोडी वाढतच गेली. तरीही आजोबा चुकत नाहीत. माणसे गावात आहेतच. पण ज्या कामासाठी हे गाव उभे राहिले होते ते काम येथून निघून गेले आहे. आजोबा म्हणतात ते त्या कामाबद्दल.

बाजार आधी, बाकी सारे नंतर

कारंजा कापसाच्याही आधीपासून व्यापाराचे गाव. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये येथवर स्वारी केली ती या पेठेची श्रीमंती ठाऊक असल्यामुळेच. उंटावरून आलेली सारी कस्तुरी विकत घेऊन ती वाड्याच्या चुन्यात कालवणाऱ्या सावकाराची दंतकथा येथे अजून सांगितली जाते. दत्तसंप्रदायातील नृसिंह सरस्वती यांचे हे जन्मस्थान, शिवाय जैन भट्टारकांची जुनी पीठेही येथे होती. १९३०च्या दशकात 'कारंजा जैन ग्रंथमाला' या नावाने डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले अपभ्रंश भाषेतील दुर्मीळ ग्रंथ प्रसिद्ध झाले. ज्या गावाचे नाव आज पुण्या-मुंबईत दोनदा सांगावे लागते, तेथील भांडारांतल्या पोथ्यांकडे एके काळी देशभरातील विद्वानांचे लक्ष होते, हे जाता जाता सांगण्याजोगे आहे.

आजोबांच्या आठवणीतले गाव घडले ते मात्र कापसाने. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. गिरण्यांना माल हवा होता, तो भेसळ नसलेला आणि वाजवी भावाचा. त्यासाठी वजन-मापे, कटती आणि दलाली यांवर सरकारी नजर ठेवणे भाग होते. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानुसार १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार नियंत्रित झाला, तो देशातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. आज प्रत्येक तालुक्याला असलेल्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ शोधत गेले तर ते येथे येऊन पोहोचते.

बाजारामागून इतर गोष्टी आल्या. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. लोक तिला 'शकुंतला' म्हणू लागले. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती उभारली, आणि देशातील बहुतेक साऱ्या रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरमध्ये बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. स्थानकाला लागून जिन, जिनाला लागून गाठी बांधणारा प्रेस, त्याच्या पलीकडे तेलघाणी, अडत्यांच्या पेढ्या, धर्मशाळा, खानावळी आणि लोहार-सुतारांचे अड्डे. गावाचा नकाशा कापसाने असा आखून दिला होता.

सहा महिन्यांचे पीक आणि शंभर दिवसांचे पीक

शहरी वाचकाला कापूस म्हणजे पांढरे बोंड आणि त्यापासून होणारे कापड एवढेच ठाऊक असते. या दोहोंच्या मधल्या टप्प्यांवर गाव जगत होते.

कापूस एकदम हाती येत नाही. दसऱ्याच्या सुमारास पहिली बोंडे फुटतात. पूर्वी त्या दिवशी घरची बाई वावरात जाऊन दहीभाताचा नैवेद्य दाखवी आणि मग वेचणी सुरू होई. या विधीला वऱ्हाडात 'सीतादही' म्हणतात. त्यानंतर दुसरी वेचणी, तिसरी वेचणी असे करीत माघ-फाल्गुन उजाडे. ही सारी हातांची कामे, मुख्यतः बायकांच्या हातांची, आणि मजुरी वेचलेल्या वजनावर. प्रत्येक वेचणीचा माल बैलगाडीने गावात येई, म्हणजे एकच शेतकरी हंगामात चार-पाच वेळा बाजाराला येई आणि दरवेळी काहीतरी घेऊन जाई. कधी लेकीचे लुगडे, कधी नांगराचा फाळ, कधी डॉक्टरचे औषध.

मग जिनाचे काम. एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते. उरते ती मुख्यतः सरकी, थोडी घट धरली तर ६०-६२ किलो. रुईची एक गाठ १७० किलोंची, म्हणजे एका गाठीसाठी पाच क्विंटलांच्या आसपास कापूस लागतो. आजोबांना हा हिशेब आजही तोंडपाठ आहे आणि नातवाची पाढ्यांची परीक्षा ते याच हिशेबाने घेतात. रुई रेल्वेने मुंबईकडे जाई, पण सरकी गावातच राही. तिचे तेल गावात निघे, ढेप गावच्या आणि आसपासच्या खेड्यांतील गाईम्हशींपुढे जाई. जिन कार्तिकात सुरू झाला की वैशाखापर्यंत त्याचा भोंगा ऐकू येई. हमाल, रेजा, फिटर, गाडीवान, काटेवाले, दिवाणजी असे शेकडो संसार त्या भोंग्यावर चालत.

आता कारंज्याच्या आसपास, किंबहुना साऱ्या वाशीम जिल्ह्यात, खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन आहे. पेरणीपासून काढणीपर्यंत त्याला सुमारे शंभर दिवस लागतात. मळणीयंत्र वावरातच येते, पोती तेथेच भरली जातात, ट्रॅक्टरने बाजार समितीत येतात आणि दोन-चार दिवसांत ट्रकने मोठ्या तेल प्रकल्पांकडे रवाना होतात. गावाच्या वाट्याला काय येते? तोलाई, हमाली आणि अडत. तीही दसरा-दिवाळीच्या तीन-चार आठवड्यांपुरती. कापूस गावात थांबत असे आणि थांबलेला प्रत्येक दिवस कोणाला तरी काम देऊन जाई. सोयाबीन गावातून नुसते निघून जाते.

यात शेतकऱ्याचे चुकले असे म्हणण्याची सोय नाही. कापसावरच्या बोंडअळीने आणि फवारणीच्या खर्चाने त्याला जेरीस आणले होते. बीटी वाण २००२ मध्ये आले, काही वर्षे दिलासा मिळाला, पण २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने त्या वाणालाही दाद दिली नाही. वेचणीला माणसे मिळेनात, मिळाली तर मजुरी परवडेना. सोयाबीनचे पैसे एकरकमी येतात, रान दिवाळीपूर्वी मोकळे होते आणि ओल असली तर त्यावर हरभरा घेता येतो. तरी त्यातही सुख नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि ऐन काढणीत बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता. पण शेतकऱ्याने पीक निवडताना गावच्या जिनाचा विचार करावा, अशी अपेक्षा कोणी आणि कोणत्या तोंडाने करावी?

व्यापारी गेला आणि परतला तो गावाबाहेर

पिकाच्या बदलाआधी एक मोठा बदल सरकारी निर्णयाने घडला होता. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्यातील कापूस सरकारी यंत्रणेखेरीज कोणी विकत घ्यायचा नाही, असा तो नियम. व्यापाऱ्यांच्या लुबाडणुकीतून शेतकऱ्याला सोडवावे हा हेतू निःसंशय चांगला होता आणि काही वर्षे भावाचा आधारही मिळाला. पण गावाच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा झाला. ज्यांच्या पेढ्यांवर बाजार उभा होता ते अडते आणि दलाल एका हंगामात निरुपयोगी ठरले. काहींनी किराणा आणि कापड धरले, काहींनी मुलांना मुंबई-इंदूरची वाट दाखवली. जिनमालक सरकारचा कापूस ठरावीक दराने पिंजून देणारे कंत्राटदार बनले. खरेदी केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा लागत. ग्रेडरच्या एका शब्दावर वर्षाची कमाई ठरे. चुकारे हप्त्याहप्त्याने मिळत. पलीकडच्या राज्यात भाव चढा असला की रात्रीच्या अंधारात कापूस सीमा ओलांडी. आजोबांकडे या दिवसांचे किस्से भरपूर आहेत, आणि त्यांतले सगळेच नातवंडांसमोर सांगण्यासारखे नाहीत.

२००२ च्या सुमारास खासगी खरेदीला पुन्हा मुभा मिळाली. व्यापारी परतला, पण गावात परतला नाही. आता त्याच्याजवळ मोबाइल होता, ट्रक होता आणि डांबरी रस्ता होता. त्याचा माणूस थेट शेतकऱ्याच्या दारात जाऊन कापूस मोजून घेऊ लागला. यालाच 'खेडा खरेदी' म्हणतात. त्याच काळात, २००० मध्ये, केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि जिनांच्या आधुनिकीकरणाला अनुदान दिले. नव्या जिनांना ट्रक वळवायला मोठे आवार हवे होते आणि यंत्रे बरीचशी स्वयंचलित असल्याने माणसे कमी लागत होती. ते हमरस्त्यांवर उभे राहिले. स्थानकाजवळचे जुने जिन बंद पडत गेले, त्यांच्या यंत्रांचे भंगार झाले आणि जागांचे प्लॉट पडले. जावईबापूंना येताना दिसलेली भरभराट बरीचशी याच जमिनींवरची आहे. कापसाचा गावाला शेवटचा उपयोग झाला तो जागेच्या रूपाने.

शकुंतलाही याच क्रमाने थकत गेली. माल ट्रकने जाऊ लागल्यावर तिच्याजवळ उरले ते गरीब प्रवासी. मधल्या फाटकांवर गार्डाने उतरून फाटक लावायचे, गाडी पुढे गेल्यावर उघडायचे आणि धावत जाऊन पुन्हा डब्यात चढायचे, अशा थाटात ती चालत होती. आता काही वर्षांपासून तीही बंद आहे. मामाच्या गावाला आगगाडीने जाण्याची मराठी मुलांची हौस निदान या गावापुरती तरी फिटण्याजोगी राहिली नाही. रुळांमधून बाभळी उगवल्या आहेत.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईपर्यंत पूर्ण झाला. त्यामुळे लेकीचे माहेर काही तासांनी जवळ आले हे खरे. पण कापसाच्या रेल्वेला दर काही मैलांवर थांबावेच लागे. महामार्ग बांधला आहे तो न थांबण्यासाठी. मुंबई-नागपूर करणाऱ्या हजारो गाड्यांपैकी कारंज्याच्या फाट्यावर उतरतात त्या बहुधा येथे कोणी नातलग असलेल्या, किंवा गुरुमंदिराच्या दर्शनाला निघालेल्या.

बारा एकरांचे गणित

दुपारी जेवणे झाल्यावर आजोबा नातवंडांना वावर दाखवायला नेतात. तेथे भेटतो तो मक्तेदार. पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत हे वावर सालगड्याच्या हाती होते. गुढीपाडव्याला त्याचे वर्ष सुरू होई आणि पोळ्याला बैल सजवून तोच घरी आणी. आता बैलही नाहीत आणि सालगडीही मिळत नाही. शेजारच्या खेड्यातील एक तरुण पाडव्याला ठरलेली रक्कम देतो आणि वर्षभर जमीन कसतो. नांगरणी, बी-बियाणे, फवारणी, पीक उभे असताना रोही आणि रानडुकरांपासून राखण्यासाठी रात्रीची जागल, सारे त्याचे. हा व्यवहार तोंडी असतो. कुळकायद्याची धास्ती जुन्या मालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. कागदावर नाव आले तर जमीनही जाईल, या भीतीने कोणी करार लिहून देत नाही.

याचा परिणाम फार दूरवर पोहोचतो. सातबारावर नाव आजोबांचे. त्यामुळे पीककर्ज मिळण्याचा अधिकार त्यांचा, पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार रुपये त्यांचे आणि अतिवृष्टीचे अनुदान आले तर तेही त्यांच्याच खात्यात. जो चिखलात उतरतो त्याच्या हाती यातले काहीच नाही. त्याला बी आणि खतासाठी पैसे लागतात ते कृषी केंद्राच्या उधारीवर किंवा सावकाराकडून, बँकेच्या कितीतरी पट व्याजाने. २०२५ च्या पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पावसाने थैमान घातले, तेव्हा अनेक गावांत हाच प्रश्न उभा राहिला की पीक ज्याचे गेले त्याला भरपाई का नाही. काही मालक ती रक्कम मक्तेदाराला देतात, काही अर्धी देतात, काही विषयच काढत नाहीत. आजोबा देतात, आणि मुलांना ते सांगत नाहीत.

राज्यातील शेतकरी खातेदाराच्या वाट्याला १९७०-७१ मध्ये सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. आजोबांचे बारा एकर म्हणजे सुमारे ४.८ हेक्टर. त्यांच्या तरुणपणी हे एका साधारण शेतकऱ्याचे वावर होते. तीन मुलांत ते वाटले तर प्रत्येकाला चार एकर, म्हणजे १.६ हेक्टर, येतील. तेही आजच्या सरासरीच्या आसपासच. राज्याचे पन्नास वर्षांचे गणित एका घराच्या ओसरीवर असे मांडून दाखवता येते.

तीन मुलांत म्हणताना मुलगी धरावी की नाही, हा प्रश्न कायद्यापुरता केव्हाच सुटला आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, २००५ मध्ये ती देशभर झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क अबाधित असल्याचे स्पष्ट केले. घराघरांत मात्र भाऊबीजेच्या ओवाळणीनंतर हक्कसोडपत्र पुढे ठेवण्याची रीत चालू आहे. बहीण सही करते, कारण माहेर तुटू नये असे तिला वाटते. यावर्षी थोरल्या भावाने तसा मसुदा तयार करून ठेवला आहे. महामार्गामुळे जमिनीला भाव आला आहे, आताच विकली तर बरे, असे त्याचे म्हणणे, आणि त्यात लबाडी आहे असे नाही. आईवडिलांच्या दुखण्या-खुपण्याला उद्या पैसे लागतील आणि नागपूर-मुंबईहून धावत येणे शक्य होणार नाही, हे तोही जाणतो.

आजोबांना पुण्याला चला म्हणून दरवर्षी आग्रह होतो. ते हसून टाळतात. त्यांच्या मनातले कारण बहुधा प्रकृतीचे किंवा सवयीचे नसते. ते येथे आहेत तोवर वावर कसले जाते, मक्तेदाराशी बोलायला कोणी असते आणि अनुदान आले तर ते योग्य हाती पडते. ते गेले की उरेल तो सातबारा आणि त्यावरची तीन शहरांतील तीन नावे.

निघण्याच्या दिवशी सकाळी मक्तेदार घरी येतो. बांधाच्या कडेला त्याने हौसेने लावलेल्या चार-दोन तासांतला ओंजळभर कापूस त्याने आजींच्या वातींसाठी आणलेला असतो. मुले त्यातली सरकी काढून पाहतात. पुढच्या पाडव्याचे कसे, असे तो विचारतो, आणि अंगणात सगळेच क्षणभर गप्प होतात. 'पाडव्याला पाहू,' एवढेच आजोबा म्हणतात. मोटारीत सामान चढते. मेजावरचा मसुदा लेक उचलते आणि सही न करताच पिशवीत ठेवते. 'वाचून पाह्य नीट,' आजोबा तिला सांगतात, 'घाई नाही काही.'